आधी पिशवी ओतायला सांग

प्रिय डॉक्टर,

(आता तुला असंच म्हणायला हवं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून बीपीचा पट्टा उलटा गुंडाळणारी इंटर्नच आहे.)

तुझा फोन आला तेव्हा मी खळ्यात कोकमाची सोलं उलटत होते. हात रतांब्यांनी लाल झालेले, म्हणून धड बोलता आलं नाही. तू विचारलंस, ओपीडीत निम्मी माणसं साठीच्या पुढची, एकेकाला चार-चार आजार, सुरुवात कुठून करू? पिशवीपासून कर.

आपल्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे गोळ्यांची एक पिशवी असते. साड्यांच्या दुकानाची, एक बंद तुटलेली. तीत आपल्या आरोग्य केंद्राच्या गोळ्या, तालुक्याच्या डॉक्टरांच्या, गणपतीला आलेल्या मुलाने मुंबईहून आणलेल्या आणि शेजारणीने 'गुण येता' म्हणून दिलेल्या दोन. "गोळ्या आणल्यात का?" असं विचारशील तर तुझ्याच तेवढ्या दाखवतील. ती सगळी पिशवी टेबलावर ओतायला सांग.

हे शहाणपण मला आपसूक आलेलं नाही. किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या एक आजी, तेव्हा पंचाहत्तरीच्या, पाय सुजतात म्हणून आल्या. मी हृदय बघितलं, लघवी-रक्त तपासलं, काही हाती लागेना. मग लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली, रोज एक. कधी घ्यायची ते बोलले नाही. त्यांनी आपल्या सोयीने रात्री जेवण झाल्यावर घ्यायला सुरुवात केली. संडास मागीलदारी, मधली पाच-सहा पावलं उघड्यावर, जुलै महिना, चिऱ्यांवर शेवाळ. रात्री तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा पडल्या. खुबा मोडला.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर मी बघायला गेले. खाटेवरूनच त्यांनी सुनेला पिशवी आणायला लावली. दोन पाकिटं वेगळी काढून म्हणाल्या, "ही झिलान धाडल्यान, ही तुमची. दोनय प्रेशराच्योच." दोन्हींवर कंपनीचं नाव वेगळं आणि खाली बारीक अक्षरांत एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. दोन्ही रोज चालू होत्या. या औषधाने घोट्यांशी सूज येते, डोस वाढला की ती वाढते, हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होतं. तरी एका गोळीची सूज मी दुसऱ्या गोळीने उतरवायला निघाले होते. तशी ती फारशी उतरतही नाही.

तेव्हापासून माझी सवय झाली. कुणीही नवी तक्रार सांगितली की आधी मनात विचारायचं, ही एखाद्या गोळीची तर नव्हे? कोरडा खोकला, बद्धकोष्ठ, चक्कर, तोंडाला चव नसणं, कितीतरी वेळा उत्तर पिशवीतच सापडायचं. लघवीची गोळी द्यायचीच असेल तर सकाळची सांग. आणि एक आडून विचारायची गोष्ट म्हणजे पाणी किती पितात. रात्री पावसात बाहेर जावं लागू नये म्हणून कितीतरी बायका दुपारनंतर पाण्याला शिवतच नाहीत. केसपेपरवर हे कधी येत नाही.

बीपी बसवून घेतलंस की उभं करून पुन्हा घे, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर औषध वाढवण्याआधी दहा वेळा विचार कर. आणि पहिलं माप घेण्याआधी पाच मिनिटं टेकू दे त्यांना. घाटी चढून आलेली असतात.

साखरेचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पिढीला तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ७ टक्क्यांच्या आत आणायची फार घाई. चाळिशीतल्या माणसाला ते ठीक. ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या, विसराळू होत चाललेल्या माणसाला ८ सुद्धा चालतं. साखर थोडी जास्त राहण्यापेक्षा एकदम उतरण्याचा धोका त्याला मोठा. श्रावण जवळ आला की उपास कोणकोणते ते विचारून ठेव. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतात आणि पोटात नुसता चहा. मग दुपारी घाम, थरथर, भलतंच बोलणं, आणि घरातले नारळ ओवाळायला घेतात. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन. हे घरातल्या शाळकरी नातवंडाला शिकव, ते विसरत नाही. 'उपास सोडा' मात्र म्हणू नकोस. कुणी सोडत नाही, फक्त तुला सांगायचं सोडतात. उपासाच्या दिवशी कुठली गोळी गाळायची ते आधीच लिहून दे.

आता जेवण. भिंतीवरचा तो ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा छापील तक्ता आधी उतरव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे या दोन महिन्यांत पेजेबरोबर खारा बांगडा, सुकट, लोणचं. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यातलं बरंचसं बांगड्याच्या दोन तुकड्यांतच संपतं. पण मासळी बंद करा म्हटलंस की माणूस पुन्हा दारात उभा राहणार नाही. दोनदा पाणी बदलून भिजवा, त्या दिवशी लोणचं नको, एवढंच सांग. कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी त्यांची त्यांनाच परत आठवून दे.

गुडघे सगळ्यांचेच दुखतात आणि सगळ्यांना सुई हवी असते. त्या सुईतलं डायक्लोफिनॅक बीपी चढवतं, आणि लघवीची गोळी व टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध आधीच चालू असेल तर किडनीवर तिहेरी ओझं पडतं. पॅरासिटामॉल दे आणि मांडीचा व्यायाम शिकव. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा अंक मोजायचे. मी ओपीडीत पदर खोचून स्वतः करून दाखवायचे. रांगेतल्या बायका हसायच्या आणि करायच्या.

डायबेटिसवाल्यांच्या पायांची बोटं फाकवून बघ, कातळावर अनवाणी फिरून रुतलेला काटा त्यांना कळत नाही. मिश्री लावणाऱ्यांना तोंड उघडायला लाव. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळतं, ते किती जणांनी काढलंय हे आशाताईंना विचार.

त्या आजी अजून आहेत, तुझ्याच हद्दीत, काठी घेऊन चालतात. मुलाने मागीलदारी दिवा लावलाय, धरायला पाइप बसवलाय. पाऊस लागायच्या आत एकदा जाऊन ये. मुलगा मेमध्ये येऊन गेलाय, म्हणजे पिशवीत काहीतरी नवं असणारच. त्यांची पाणंद निसरडी आहे, तुझ्या त्या गुळगुळीत तळाच्या चपला घालून जाऊ नकोस.

सोलं वाळली की पाठवते.

तुझी,
मॅडम