वजन ११० किलो, मॅटवर कुस्ती खेळताना दोन मिनिटांत धाप लागते. दमसास कसा वाढवू?

रोज पळत असाल तर ते आधी थांबवा. एवढ्या वजनाला दम वाढायच्या आत गुडघे कुरकुरायला लागतात. त्याऐवजी सायकल किंवा रोइंग मशीन (बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं यंत्र), आठवड्यातून तीनदा ३०-४० मिनिटं, वेग इतकाच की पूर्ण वाक्यात बोलता यावं. कंटाळवाणं आहे, पण पाया यातूनच बनतो. आठवड्यात एकच दिवस जोर लावा: ३० सेकंद जीव तोडून, ९० सेकंद हळू, असे ६-८ वेळा.

आणि खरं सांगू? निम्मा दम पकडीतच जातो. प्रतिस्पर्ध्याच्या खाली अडकलो की मी श्वास रोखून, मुठी आवळून नुसता ढकलत बसायचो. ढकलताना फुस्स करून श्वास सोडा. वर असाल तेव्हा हात सैल ठेवा, छातीचा भार प्रतिस्पर्ध्यावर टाका आणि त्यालाच दमू द्या.