पाच वर्षांच्या मुलीला दर महिन्याला ताप येतो. आनुवंशिक असेल का? जीन टेस्ट करावी का?

तुम्ही लिहिलंय की दर चार आठवड्यांनी ताप, घसा लाल, तोंड येतं, गळ्यात गाठी, आणि 'अँटिबायोटिक सुरू केलं की चौथ्या दिवशी उतरतो'. या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. ताई, तो अँटिबायोटिकनं उतरत नाही. त्याची मुदत भरते आणि तो जातो, नाव मात्र बाटलीचं होतं. आमच्याकडे चार वर्षं हेच चाललं.

माझ्या मुलाला तिसऱ्या वर्षी सुरू झालं. १०३ ताप, पोट धरून गडाबडा लोळणं, दोन-तीन दिवसांत सगळं शांत आणि पोरगं अंगणात. दातांचा ताप, व्हायरल, टायफॉइड, सगळी लेबलं लागून झाली. शाळेत जायला लागल्यावर 'नाटकं' हे लेबल घरूनच लागलं. सहाव्या वर्षी पोट इतकं कडक झालं की रात्री अकराला अपेंडिक्स काढलं. तपासणीत ते अपेंडिक्स धडधाकट निघालं. पुढच्या महिन्यात ताप पुन्हा हजर.

सातव्या वर्षी नडगीवर हाताला लागतील असे जांभळे ठिपके उठले, घोटा सुजला, लघवीत रक्त. निदान झालं हेनॉक-शोनलाइन, ज्याला आता आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची सूज. सगळ्यांना हायसं वाटलं, नाव सापडलं! निदान बरोबरच होतं. पण ठिपके आत्ताचे आणि ताप चार वर्षांपूर्वीचा, हा हिशेब कोणी केला नाही. एका आजाराचं नाव मिळालं की मागचा आजार शोधायचं थांबतात, हा माझा सगळ्यात मोठा राग आहे.

शेवटी पुण्याला लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत विचारलं, "लग्न नात्यात झालंय का?" हो. मी मामाची मुलगी, नवरा माझा आतेभाऊ. चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग म्हणाले, तापाच्या तारखा लिहून आणा.

घरी हे सांगितलं तर आत्या (म्हणजे माझी सासू) काही न बोलता आत गेली आणि कपाटावरून कालनिर्णयची सुरळी घेऊन आली. जुनी कॅलेंडरं ती पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवते. दुधाच्या हिशेबाशेजारी तिच्या अक्षरात: 'ताप', 'ताप, पोट', 'शाळा नाही'. चार वर्षांत ४६ वेळा. 'नाटकं' म्हणणारी तीच, आणि लिहून ठेवणारीही तीच.

निदान: फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या नावाचा आनुवंशिक ताप. नवरा म्हणाला, मेडिटेरेनियन कुठलं, आम्ही पाटणचे! तुर्की, आर्मेनियन, अरब, ज्यू लोकांत हा मुख्यतः दिसतो, आपल्याकडे क्वचित, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही. १९९७ साली याचा जीन सापडला, एमईएफव्ही. त्यातून पायरिन नावाचं प्रथिन बनतं. पांढऱ्या पेशींतला तो जागल्याच समजा. बिघडला की चोर नसतानाही आरोळी ठोकून गाव उठवतो. जंतू नाहीत, तरी ताप आणि सूज. आयजीए व्हॅस्क्युलायटिस या मुलांत इतर मुलांपेक्षा जास्त होतो, काहींना पुढे कमरेच्या सांध्यांची सूज येते. औषध न घेता वर्षानुवर्षं सूज राहिली तर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून किडनी जाऊ शकते. म्हणून आमच्याकडे लघवीतलं प्रोटीन नेमानं तपासतात.

औषध कोल्चिसिन. १९७२ पासून या आजारात वापरतात आणि गोळी स्वस्त आहे. गंमत म्हणजे हेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं, आत्याच्या गावी पावसाळ्यात कुंपणावर फुलते ती. (तिचा कंद किंवा बी देऊन बघू नका. विष आहे, माणूस दगावतो.) गोळीनं वर्षाचे बारा ताप दोनवर आले. ज्यांना ती पुरत नाही त्यांच्यासाठी इंटरल्युकिन-१ (शरीरातलं सूज भडकवणारं द्रव्य) रोखणारी इंजेक्शनं आहेत, पण फार महाग.

आता भांडण. रिपोर्ट आल्यावर आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुझ्या माहेरचं." आत्या, माझं माहेर तेच तुझं माहेर ना! या आजारात साधारणपणे मुलाला दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत मिळावी लागते. आजी-आजोबांपैकी एकाकडून माझ्या वडिलांकडे आणि तुझ्याकडे, मग माझ्याकडे आणि तुझ्या मुलाकडे. हे मी पाटीवर आकृती काढून दाखवलं. तिनं पाटी पुसली आणि त्यावर भाजीची यादी लिहिली.

तुमचा प्रश्न राहिलाच. तुमच्या मुलीचं वर्णन मला पीफापा (PFAPA) या लहान मुलांच्या ठराविक काळानं येणाऱ्या तापासारखं वाटतं: घसा, तोंड, गाठी, घड्याळासारखा ताप, वय पाचच्या आत सुरुवात. त्याचा एक असा जीन सापडलेला नाही आणि बहुतेक मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. म्हणून आधी जीन टेस्ट नको. ताप असताना सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तातल्या पेशी मोजा, ताप नसताना पुन्हा मोजा, तारखा लिहा, तापात फोटो काढा. जीन पॅनेल, म्हणजे अनेक जीन एकदम तपासणारी टेस्ट, डॉक्टर सांगतील तेव्हा. त्यात एमईएफव्ही जीनमधला 'ई१४८क्यू' हा बदल एवढंच आलं तर घाबरू नका, तो बदल भारतात निरोगी माणसांतही भरपूर सापडतो. मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आणि पुढेमागे कोल्चिसिन सुरू झालंच, तर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कोणी लिहून दिल्यास आधी विचारा, दोन्ही एकत्र धोकादायक आहेत.

नात्यात लग्न करूच नये असं माझं मत. करायचंच असेल तर घरात अशी केस असताना आधी दोघांची तपासणी. परवा धाकट्या दिरासाठी माझ्या काकांच्या मुलीचं नाव निघालं. "घरातली पोर घरात," आत्या म्हणाली. मी दोघांचे रिपोर्ट मागितले. चार दिवस झाले, बोलत नाहीये माझ्याशी.