टाकीतील पंगास आणि रूपचंद खावेत का? प्रश्न माशाच्या जातीचा नाही, निळ्या बाटलीचा आहे

आपण लिहिले आहे की घरात चार फुटी टाकी आहे, तिच्यात दोन पंगास आणि तीन रूपचंद आहेत, बदलीमुळे पुढील महिन्यात नागपूरला जायचे आहे, दुकानदार मासे परत घेण्यास तयार नाही, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की बाजारात हेच मासे पैसे मोजून आणतो, तर घरच्यांचे कालवण करायला काय हरकत आहे. हे वाचताना मला सात वर्षांपूर्वीचे माझेच घर आठवले. आमच्याकडे कालवणाचा आग्रह वडिलांचा होता आणि टाकीत केवळ दोन पंगास होते, एवढाच काय तो फरक. मी डॉक्टर नाही आणि मत्स्यशास्त्रज्ञही नाही. वीस वर्षे घरी मासे पाळणारा आणि त्यापायी एकदा चांगलाच पोळलेला माणूस म्हणून लिहितो आहे, तेव्हा माझ्या शब्दाला तेवढेच वजन द्यावे.

जातीपुरते बोलायचे तर सासूबाईंचे बरोबर आहे. दुकानात दोन इंचांचा असताना 'शार्क' म्हणून विकला जाणारा मासा म्हणजे पंगासच. हॉटेलांत आणि गोठवलेल्या मासळीच्या दुकानांत 'बासा' या नावाने मिळणारे काटे काढलेले तुकडे बहुतेक वेळा त्याचेच असतात. रूपचंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आंध्र प्रदेशात आणि बंगालमध्ये तो तळ्यांत वाढवून खाल्ला जातो, आणि आपल्याकडील दुकानांत त्याचीच पिल्ले कित्येकदा 'पिरान्हा' सांगून गळ्यात मारली जातात. निसर्गात मीटरभरापेक्षा अधिक वाढणारा पंगास चार फुटी टाकीसाठी विकला जातो याबद्दल मला पुष्कळ बोलायचे आहे, पण आज ते नको.

आपल्या पत्रातील खरा महत्त्वाचा भाग शेवटच्या ओळीत आला आहे. 'मागे अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा दुकानातले निळे औषध दोनतीनदा टाकले होते' असे आपण सहज लिहून गेला आहात. माझ्या मते उत्तर त्या ओळीतच आहे, आणि ते 'खाऊ नयेत' असे आहे.

पांढऱ्या ठिपक्यांवर आपल्याकडे जी निळी किंवा निळसर हिरवी औषधे मिळतात, त्यांपैकी काहींत केवळ मिथिलीन ब्लू असते, तर अनेकांत मॅलाकाइट ग्रीन असते, एकटे किंवा फॉर्मेलिन या जंतुनाशक द्रावणासह. मॅलाकाइट ग्रीन हा मुळात कापड रंगवण्याचा रंग. माशाच्या शरीरात गेल्यावर त्याचे ल्यूको-मॅलाकाइट ग्रीन नावाच्या रंगहीन रूपात परिवर्तन होते आणि ते चरबीत महिनोन्महिने टिकून राहते. म्हणजे पाणी स्वच्छ दिसू लागले, मासा टवटवीत झाला, तरी औषध गेले असे होत नाही, आणि शिजवल्याने किंवा तळल्यानेही त्याच्यापासून सुटका होत नाही. कर्करोगाच्या शंकेमुळे खाण्याच्या माशांत त्याच्या वापराला अनेक देशांत बंदी आहे. युरोपीय महासंघात आयात मासळीत हे अंश मोजताना धरली जाणारी रेषा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम होती, ती 2022 मध्ये 0.5 वर आणली गेली. त्याच दुकानांतील पिवळ्या पावडरीत बहुधा नायट्रोफ्युरान गटातील औषध असते, आणि ऑस्कर या शोभेच्या माशाच्या डोक्याला खड्डे पडले की मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले जाते. खाण्याच्या मासळीत या दोहोंना आपल्याकडेही मनाई आहे. 2018 च्या जुलैमध्ये मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरल्याच्या संशयावरून गोव्याने बाहेरच्या मासळीची आयात काही दिवस बंद केली होती, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा तावातावाने बोलणारे आम्ही लोक आपल्याच टाकीत तेच फॉर्मेलिन थेंब मोजून सोडत होतो.

'आता वर्ष झाले, अंश कमी झाला असेल' असे कोणी सांगेल. मत्स्यशेतीत औषध दिल्यानंतर मासा विक्रीला काढण्याआधी ठरावीक दिवस थांबावे लागते, हे खरे आहे. पण ते दिवस खाण्याच्या माशांसाठी तपासलेल्या, मान्यता मिळालेल्या औषधांचे असतात. शोभेच्या माशांच्या औषधासाठी ते कोणी मोजलेले नाहीत, कारण हा मासा कोणी खाईल असे उत्पादकाने गृहीतच धरलेले नसते. पुष्कळ बाटल्यांवर तसा इशाराही छापलेला असतो. माझ्या बाटलीवर तो नव्हता, कारण तिच्यावर काहीच नव्हते. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलेले ते द्रव होते. आत काय आहे असे मी विचारले, तेव्हा 'सगळ्यावर चालते' एवढेच उत्तर मिळाले आणि मी त्यावर समाधान मानले.

तरीही माझी सर्वांत मोठी चूक ती नव्हती. कदाचित आपणही त्याच वाटेने जाल, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मासे खावेत की नाही यावर मी पंधरा दिवस वाचन केले, वडिलांशी वाद घातले, आणि शेवटी त्यांच्या समाधानासाठी एक मासा करायचा असे ठरले. एवढ्या सगळ्या विचारात मासा साफ करण्याचा विचार मी एकदाही केला नाही. बाजारातली कोळीण शिंगाळा हातात घेतला की आधी त्याचे काटे तोडते आणि मगच पुढचे काम करते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. असे असूनही हातमोजे न घालता मी विळीवर बसलो. पंगासच्या कल्ल्यामागील पराला करवतीसारखा दातेरी काटा असतो. तो माझ्या उजव्या अनामिकेत, मधल्या पेराजवळ घुसला. थोडे रक्त आले, हळद लावली, दोन दिवसांत जखम भरली, आणि मी ती विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी त्याच जागी गुलाबी गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून आणखी पंधरा दिवस गेले. एका दवाखान्यात ॲलर्जी समजून मलम दिले गेले. दुसऱ्या ठिकाणी सांध्याचा विकार ठरवून रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि पेरात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, त्यानंतर गाठ फुटली आणि मनगटाच्या वर आणखी दोन गाठी रांगेने उमटल्या. त्या ठिकाणाचे नाव मी घेणार नाही, परंतु तीन भेटींत मिळून कोणीही मला 'हाताने काय काम करता' असा एक प्रश्न विचारला नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. अर्थात मीही आपणहून काही सांगितले नाही. टाकीचा आणि बोटाचा संबंध असू शकतो हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते, शिवाय पाळलेला मासा कापून खाल्ला हे परक्या माणसाला सांगण्याची लाज वाटत होती. त्या लाजेपायी माझे अडीच महिने वाया गेले.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी हात पाहता क्षणी विचारले, 'घरी माशांची टाकी आहे का?' जंतूचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. तो क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला असून 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम ओळखला गेला. माणसाच्या अंगात तो खरचटलेल्या किंवा कापलेल्या कातडीतून शिरतो आणि साधारण 30 अंश सेल्सिअसला वाढतो, त्यामुळे हातापायांसारखे थंड भाग त्याला मानवतात. प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर नमुना नेहमीप्रमाणे 37 अंशांवर ठेवला जातो आणि काहीच उगवत नाही. माझ्या बाबतीत पहिला अहवाल तसाच कोरा आला होता. पुढे दोन प्रतिजैविके पाच महिने घ्यावी लागली. अहवालावरचा 'मायकोबॅक्टेरियम' हा शब्द वाचून आईने माझे ताटवाटी वेगळे केले. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे तिला पटवण्यात आणखी एक आठवडा गेला. बोट आजही पूर्ण मिटत नाही.

गंमत म्हणावी तर ही की तो मासा आम्ही चौघांनी खाल्ला आणि त्या जेवणाने कोणालाही काही झाले नाही. हा जंतू शिजवल्यावर मरतो, त्यामुळे ज्या घासाची मला भीती होती तिथून तो आलाच नसता. पण 'आम्ही खाल्ले, काही झाले नाही' हे वाक्य आपण पुरावा म्हणून वापरू नये, ही विनंती. मॅलाकाइट ग्रीनने दुसऱ्या दिवशी पोट बिघडत नाही. त्याची शंका दीर्घकाळाची आहे आणि ती एका कालवणावरून मोजता येत नाही. त्या निनावी बाटलीत काय होते हे मला आजही ठाऊक नाही. दुसरा पंगास आम्ही खाल्ला नाही.

टाकीत एकदाही औषध न टाकणाऱ्या कोणी हाच प्रश्न विचारला, तर माझे उत्तर इतके कडक नसेल. मासा खाण्याच्या जातीचा असेल, आपल्याकडे तीनचार वर्षे वाढून दुकानातून आला त्याच्या कितीतरी पट मोठा झाला असेल आणि त्याला चांगले दाणेदार खाद्य मिळाले असेल, तर पूर्ण शिजवून खाण्यात मला मोठा धोका दिसत नाही. मात्र गटाराच्या कडेला गोळा केलेल्या ट्युबिफेक्स नावाच्या बारीक कृमींवर तो वाढला असेल, किंवा रोपे बुडवून ठेवण्यासाठी टाकीत शिशाच्या पट्ट्या असतील, तर मी नको म्हणेन. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तरीही नकोच म्हणेन. पफर मासा कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये, त्याचे विष शिजवूनही जात नाही. चवीबद्दलही फार अपेक्षा ठेवू नये. फिल्टरच्या पाण्यातील माशाला जो मातकट वास येतो, तो चिंच आणि लसूण कितीही घातले तरी लपत नाही. वडिलांनी दुसरा घास घेतल्यावर ताट जरासे पुढे सरकवले होते, एवढे सांगितले तरी पुरे.

आपल्या माशांचे काय करावे, हा प्रश्न राहतोच. तलावात किंवा नदीत सोडणे हा पर्याय मनातून काढून टाकावा, मग सोबतचे लोक त्याला पुण्यकर्म म्हणोत. 1952 मध्ये परदेशातून आणलेल्या चिलापीने, म्हणजे तिलापियाने, आपल्या पाण्यात काय केले हे उजनीच्या काठच्या कोणालाही विचारावे. मोठी टाकी किंवा सिमेंटची टाकी असलेला छंदिष्ट शोधावा आणि त्याला औषधाची माहिती लेखी द्यावी, म्हणजे उद्या त्याच्या घरी हाच वाद निघाला तर तिथे उत्तर तयार असेल. इमारतीच्या रखवालदाराला 'घेऊन जा, करून खा' असे सांगून मोकळे होण्याचा प्रकार मी पाहिला आहे. जे आपल्या ताटात नको, ते त्याच्या ताटात का असावे? कोणीच मिळाले नाही, तर वेगळ्या बादलीत लवंगतेल थोड्या पाण्यात घुसळून मिसळावे. मासा आधी बेशुद्ध होतो आणि मात्रा वाढवल्यावर शांतपणे मरतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान अर्धा तास थांबावे आणि मग मांजरे उकरणार नाहीत इतके खोल पुरावे.

यातले काहीही करताना, अगदी टाकी रिकामी करतानाही, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत आणि हातावर ओरखडा असेल तर ते काम दुसऱ्याला सांगावे. आधीच कुठे कापले असेल, तर पुढचे दोनतीन महिने ती जागा अधूनमधून पाहत राहावे. गाठ दिसली, तर डॉक्टरांसमोर बसताच पहिल्या वाक्यात टाकीचा उल्लेख करावा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.