लोडवाल्या पिकअपला ब्रेक डिस्क आणि पॅड कुठले टाकावेत?

प्रश्न : माझी मोठी पिकअप आहे, जवळपास कायम माल भरलेली, कधीकधी मागे ट्रेलरपण असतो. लांब उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि खाली पोचेपर्यंत पेडल कडकच राहतं पण गाडी नीट थांबत नाही, जळका वास येतो तो वेगळाच. मेकॅनिक म्हणतो भोकंवाल्या डिस्क आणि सिरॅमिक पॅड टाका, सगळं जाईल. टाकू का?

उत्तर : भोकंवाल्या डिस्क नका टाकू, हे आधी सांगतो. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणं, बाकी काही नाही. वजन दुप्पट झालं की उष्णता दुप्पट, पण स्पीड दुप्पट केला की चौपट, म्हणजे भरलेली पिकअप ट्रेलर घेऊन उतरत असते तेव्हा डिस्कमध्ये लोखंड किती आहे आणि तिच्या दोन थाळ्यांमधल्या फटीतून हवा किती खेळते यावर सगळं येऊन ठरतं. भोकं पाडली की तेवढं लोखंड गेलंच ना! वर तापून-गार होऊन तडे जातात ते बहुतेक त्या भोकांच्या कडेपासूनच. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर गॅस निघायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली, आताच्या पॅडना त्याची तेवढी गरज नाही. दिसायला भारी दिसतात हे मान्य, पण लोडच्या गाडीला नकोत. चरेवाल्या डिस्क त्यापेक्षा बऱ्या, चिखल-पाण्यात पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, फक्त थोडा आवाज करतात आणि पॅड जरा लवकर खातात.

मी तुमच्या जागी असतो तर साध्या सपाट, मधून हवा जाणाऱ्या आणि वजनाला जड डिस्क घेतल्या असत्या. एकाच गाडीच्या दोन ब्रँडच्या डिस्क मिळाल्या तर सरळ काट्यावर ठेवून बघा, मापं सारखी असूनही फरक निघू शकतो, आणि आतल्या पाकळ्यापण (दोन थाळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या) मोजा. हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) बसणाऱ्या भागाला आणि कडेला गंजरोधक कोटिंग असेल तर उत्तम.

आता पॅड. सिरॅमिक वाईट नाहीत, आवाज कमी, रिमवर काळी धूळ कमी, रिकाम्या गाडीला मस्त. पण पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, वर जळका वास, हे पॅड त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापल्याचं लक्षण आहे, आणि अशा कामाला मी जास्त तापमानासाठी बनवलेला, टोइंग किंवा हेवी ड्युटीसाठी म्हणून विकला जाणारा सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेला) पॅडच सांगेन. गार असताना थोडा कुरकुरेल, धूळ करेल, ते सहन करा. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या कोडच्या शेवटी बऱ्याचदा दोन अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर गरम झाल्यावर पकड घसरते असा अर्थ, तो पॅड तुमच्यासाठी नाही. अर्थात ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे कोड म्हणजे क्वालिटीचा शिक्का समजू नका.

आणि थरथर! डिस्क वाकली असं सगळेच म्हणतात, पण बऱ्याचदा तिची जाडी गोलाकारात कमीजास्त झालेली असते किंवा पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. हबवरचा गंज न घासता नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत हजर. म्हणून हब चकचकीत करून घ्या, डायल गेज लावून डिस्क किती डोलते ते मोजा (मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत), व्हीलनट एअर गननं ठोकू न देता टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना अडकत असतील तर त्यापण बघा, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर तिथेच गडबड आहे. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस, साधं लावलं तर रबर फुगतं.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर ते आधी तपासा, ते काम करत नसतील तर सगळा भार तुमच्या डिस्कवरच येतो. आणि उतारावर गिअर खाली टाका, कुठलाही पॅड सतत दाबून ठेवण्यासाठी नसतो.

प्रश्न : डिस्क ठीक दिसते, फक्त पॅड बदलले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण नजरेवर जाऊ नका. डिस्कवर किमान जाडी कोरलेली किंवा ओतलेली असते, मायक्रोमीटरनं चार-पाच जागी मोजा. त्याच्या अगदी जवळ आली असेल तर बदलाच, लेथवर घासून अजून पातळ करू नका. बदलायचं ते एका एक्सलच्या दोन्ही बाजूंचं.

प्रश्न : नवीन पॅड-डिस्क टाकून लगेच लोड भरू का?

उत्तर : नको. आधी डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसा, मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १० पर्यंत असं आठ-दहा वेळा मध्यम दाबानं आणा, मध्ये थोडं गार होऊ द्या, आणि गरम ब्रेक दाबून गाडी उभी करू नका. पॅडच्या कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. ब्रेक ऑइल जुनं असेल तर तेपण याच वेळी बदला, कारण ते हवेतली ओल ओढतं, डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो पण ओल शिरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि मग पेडल स्पंजसारखं खाली जातं.