हेल्थ चेकमध्ये डेटाबेस तपासायचा का?

प्रश्न असा आहे: एएलबीमागे (ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर, रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा) चार ईसी२ सर्व्हर (ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेली मशीन्स) आहेत, त्यांना ऑटो स्केलिंग (मशीन्स आपोआप काढणं-आणणं) लावलेलं आहे. हेल्थ चेकचा (सर्व्हर ठीक आहे का, हे लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने विचारतो त्याचा) पाथ कोणता द्यावा, त्यात डेटाबेसही तपासावा का, इंटरव्हल (किती वेळाने विचारायचं) आणि थ्रेशोल्ड (किती वेळा चुकलं किंवा जमलं की निकाल द्यायचा) किती ठेवावेत, आणि मध्येच एखादं टार्गेट (एएलबीमागचा सर्व्हर) अनहेल्दी का दिसतं?

डेटाबेसचं आधी सांगतो, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. तपासू नका. लोड बॅलन्सर ज्या पाथवर येऊन विचारतो, त्या पाथने डेटाबेसकडे जायचंच नाही. यावर मी एकदा भांडलो आहे, हरलो आहे आणि नंतर त्याची किंमत दुसऱ्या लोकांना मोजावी लागलेली पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. कॉलेजांची फी ऑनलाइन भरून घ्यायची सिस्टीम आम्ही चालवायचो. मुंबई रीजनमध्ये सहा सर्व्हर, ॲप स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क), आणि मागे एकच मायएसक्यूएल डेटाबेस, आरडीएसवर (ॲमेझॉनची डेटाबेस सेवा). सहाही सर्व्हरचा हेल्थ चेक ॲक्च्युएटरच्या (स्प्रिंग बूटचा देखरेखीचा भाग) मूळ हेल्थ पाथवर. ज्यांनी तो वापरलाय त्यांना माहीत आहे: ॲपला डेटासोर्स जोडलेला असला की हा पाथ आपणहून डेटाबेसलाही विचारून येतो, आणि तिकडून उत्तर नाही आलं की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो. आमच्या आर्किटेक्ट सरांना हे फार पटलेलं. ‘हेल्थ चेक म्हणजे फुल बॉडी चेकअप’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मेल लिहिला होता की सहाही सर्व्हर एकाच डेटाबेसवर आहेत, तो अडखळला तर सहाही एकदम आजारी ठरतील, तेव्हा हा पाथ बदलू. सरांचं उत्तर एका ओळीचं होतं: डेटाबेसशिवाय आपलं ॲप काय कामाचं? मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नवीन होतो, गप्प बसलो.

मग जुलै आला. फी भरायची शेवटची तारीख, सकाळचे अकरा. कुणीतरी हिशोबाचा एक रिपोर्ट थेट प्रायमरी डेटाबेसवर चालवला. टेबल मोठं, ज्या कॉलमवर शोध त्याला इंडेक्स नाही. डेटाबेस बंद पडला नव्हता, हे लक्षात घ्या. तो हळू झाला होता. एरवी लगेच येणारं उत्तर सात-आठ सेकंदांनी येत होतं. प्रत्येक सर्व्हरवर हिकारी पूलची (ॲपला डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारी लायब्ररी) मुळातली १० कनेक्शन्स, ती सगळी अडकलेली. हेल्थ चेकलाही त्याच पूलमधून कनेक्शन लागतं, त्यामुळे तो विद्यार्थ्यांच्या मागे त्याच रांगेत उभा. हिकारी कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबायला तयार, एएलबी मात्र ५ सेकंदांत फोन ठेवतो. असं दोनदा झालं की टार्गेट अनहेल्दी. ११ वाजून ५ मिनिटांनी सहाच्या सहा लाल.

इथे एएलबीने घोटाळा केला नाही. ग्रुपमधली सगळीच टार्गेट्स अनहेल्दी झाली तर तो दार बंद करत नाही, सगळ्यांकडेच रिक्वेस्ट पाठवत राहतो. फेल ओपन म्हणतात ते हेच. म्हणजे साइट रडतखडत का होईना, चालली असती. पण आमच्या ऑटो स्केलिंग ग्रुपचा हेल्थ चेक प्रकार ईएलबी (लोड बॅलन्सरचा निकाल मानायचा) ठेवलेला होता. ग्रुपला लोड बॅलन्सरकडून एवढंच कळलं की सहा मशीन्स आजारी आहेत, आणि आजारी मशीन काढून नवीन आणणं हे तर त्याचं कामच. जुनं आधी काढायचं, नवीन मग उभं करायचं, हा त्याचा मूळचा क्रम. (आता इन्स्टन्स मेंटेनन्स पॉलिसीने तो उलटा करता येतो. जरूर करा.)

नवीन सर्व्हर उठताना सगळ्या कॉलेजांचे फीचे तक्ते डेटाबेसमधून वाचून मेमरीत भरून घ्यायचा. रोज दीड मिनिटात व्हायचं. ग्रेस पिरियड (नव्या मशीनला उठायला दिलेली सवलत) १२० सेकंदांचा होता, तो एरवी पुरायचा. त्या दिवशी सहाही एकदम उठायला लागले, सहाही एकदम तक्ते मागायला लागले, आणि दीड मिनिटाचे चार झाले. ग्रेस पिरियड संपला तरी ॲपचा पोर्टही उघडलेला नाही, म्हणजे पुन्हा अनहेल्दी, म्हणजे पुन्हा काढा, पुन्हा नवीन. तो रिपोर्ट आम्ही सव्वा अकराला मारला होता. मूळ दुखणं तिथे संपलं. त्यानंतरची एकोणपन्नास मिनिटं साइट पडली ती फक्त हेल्थ चेकमुळे.

मी अकरा वीसला म्हटलं, ग्रुपची रिप्लेस-अनहेल्दी ही (आजारी मशीन बदलणारी) प्रोसेस सस्पेंड करू, मशीन्सना उठू तरी दे. सर म्हणाले, हेल्थ चेक बरोबर सांगतोय, ॲप खराब आहे, त्याला हात लावू नकोस. समोर सपोर्टच्या ताईंचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. परभणीहून एक वडील तिसऱ्यांदा फोन करत होते: पैसे खात्यातून गेलेत, पावती नाही, मुलीची ॲडमिशन जाईल का? पेमेंट गेटवेचा कॉलबॅक अर्धवट उठलेल्या मशीनवर येऊन ५०२ खाऊन परत जात होता. असे अनेक जण होते. आवाज चढवणारे थोडेच. बहुतेक जण विनवणी करत होते, आणि ते ऐकवत नव्हतं.

११ वाजून ५८ मिनिटांनी मी कुणाला न विचारता ती प्रोसेस सस्पेंड केली. १२ वाजून ४ मिनिटांनी सहाही हिरवे. राहिलेल्या पावत्या आम्ही रात्री दोनपर्यंत बसून जुळवल्या. आठवड्याने आरसीए (बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल) आला, त्यात मूळ कारण म्हणून ‘ग्रेस पिरियड अपुरा’ लिहिलं होतं आणि तो माझ्या नावावर होता, कारण ऑटो स्केलिंगचं टेम्प्लेट शेवटचं मी बदललं होतं. हेल्थ चेकच्या पाथबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मेलचाही उल्लेख नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक एकच प्रश्न विचारण्यासाठी असतो: हे एक मशीन बाजूला काढल्याने गिऱ्हाइकाचं भलं होणार आहे का? मशीनची डिस्क भरली, जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) अडकलं, तर होय, काढा, बाकीचे सांभाळतील. सगळ्यांचा सामायिक डेटाबेस हळू झाला तर चारांतलं कुठलंही मशीन काढून काय साधणार? उरलेल्यांवर भार वाढेल, एवढंच. डेटाबेसवर नजर ठेवायची ती क्लाउडवॉचच्या (ॲमेझॉनची देखरेख सेवा) अलार्मने, माणसाला उठवण्यासाठी. मशीन मारण्यासाठी ठेवायची नाही. स्प्रिंग बूटनेही २०२० मध्ये २.३ आवृत्तीत लाइव्हनेस (ॲप जिवंत आहे का) आणि रेडिनेस (रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का) वेगळे केले, आणि रेडिनेसमध्येसुद्धा डेटाबेस आपणहून घातला नाही. त्यांच्या दस्तऐवजात लाइव्हनेस बाहेरच्या सिस्टीमवर अवलंबून ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘फुल बॉडी चेकअप’वाल्यांनी ते पान एकदा वाचावं.

तेव्हा पाथ म्हणून स्प्रिंग असेल तर लाइव्हनेस किंवा रेडिनेसचा द्या (कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सिस्टीमवर, ते आपोआप चालू होतात, साध्या ईसी२वर स्प्रिंग बूट ४ च्या आधीच्या आवृत्तीत प्रोब्जची प्रॉपर्टी चालू करावी लागते). स्प्रिंग नसेल तर ॲपमध्येच एक छोटा पाथ लिहा, जो ॲपच्या नेहमीच्या थ्रेडवरून जाऊन २०० देईल. पण नुसता पाथ बदलून भागत नाही. विद्यार्थ्यांच्या रिक्वेस्ट डेटाबेससाठी ३०-३० सेकंद ताटकळत राहिल्या तर टॉमकॅटचे (ॲपमधला वेब सर्व्हर) २०० थ्रेड भरतात, आणि मग तुमचा साधासुधा पाथही ५ सेकंदांत उत्तर देऊ शकत नाही. हिकारीचा कनेक्शन टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर आणा. गिऱ्हाइकाला लवकर ‘नंतर प्रयत्न करा’ दिसलेलं परवडतं.

आकड्यांचं म्हणाल तर एएलबीचे मुळातले वाईट नाहीत: दर ३० सेकंदांनी तपासणी, ५ सेकंद टाइमआउट, २ वेळा चुकलं की बाहेर, ५ वेळा बरोबर आलं की आत. म्हणजे बाहेर पडायला साधारण मिनिट आणि परत यायला अडीच मिनिटं. मी इंटरव्हल १० करतो, बाहेर काढायला ३, आत घ्यायला २. यापेक्षा चपळ करायच्या मोहात पडू नका. जेव्हीएमचा एक लांब जीसी पॉज (मेमरी साफ करताना ॲप थांबणं) आला की चांगलं मशीन बाहेर जाईल. नवीन नोंदवलेलं टार्गेट मात्र एकाच यशस्वी चेकवर आत येतं, तेव्हा कॅश भरून होईपर्यंत पाथने २०० देऊ नये एवढी काळजी घ्या. ग्रेस पिरियड रोजच्या बूटवरून ठरवू नका. सगळी मशीन्स एकदम उठवून वेळ मोजा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. आमच्या १२० सेकंदांची ती चूक खरीच होती, पण ती दुसरी चूक होती.

मध्येच अनहेल्दी दिसण्याचं कारण टार्गेट ग्रुपच्या पानावरच लिहिलेलं असतं. टाइमआउट असेल तर सिक्युरिटी ग्रुप, थ्रेड किंवा जीसी बघा. रिस्पॉन्स कोड जुळत नाही असं असेल तर बहुतेक वेळा तुमचा पाथ लॉगिनकडे ३०२ देतोय किंवा एचटीटीपीएसकडे ३०१, आणि एएलबीला फक्त २०० हवाय. जँगो (पायथनचं फ्रेमवर्क) असेल तर ४०० येत असणार, कारण हेल्थ चेकच्या होस्ट हेडरमध्ये डोमेन नसून मशीनचा खासगी आयपी येतो आणि तो अलाउड होस्ट्समध्ये नसतो. कोड जुळावा म्हणून मॅचरमध्ये (कोणते कोड चालतील ते ठरवणारी सेटिंग) २०० ते ४९९ भरून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

आता माझ्या बाजूला न शोभणारं एक सांगायला हवं. पाथ फारच उथळ केला तर दुसरी आफत येते. नंतरच्या कंपनीत २०० हे उत्तर पुढचा एनजिनएक्स (ॲपच्या पुढे बसवलेला वेब सर्व्हर) स्वतःच देत होता आणि मागचं जावा मेलेलं, तरी टार्गेट हिरवं. याहून वाईट म्हणजे एकाच मशीनवर डेटाबेसचा पासवर्ड जुना राहिला, तर ते मशीन प्रत्येक रिक्वेस्टला झटक्यात एरर देतं. तुम्ही लीस्ट आउटस्टँडिंग रिक्वेस्ट्स (ज्याच्याकडे कमी रिक्वेस्ट बाकी, त्याला पुढची) लावलं असेल तर सगळ्यांत रिकामं तेच दिसतं आणि जास्त ट्रॅफिक त्याच्याकडेच जातं. अशा वेळी डेटाबेस तपासणारा चेक खरंच कामाला आला असता, हे सरांच्या बाजूने मान्य करतो. त्यावर माझा उपाय असा: डेटाबेसला एकदा, मशीन उठताना विचारा. तोवर रेडिनेस हिरवा करू नका. एकदा हिरवा झाला की पुन्हा डेटाबेसमुळे लाल करू नका. चालू मशीनचे ५xx (सर्व्हरचे एरर कोड) बाकीच्यांपेक्षा वेगळे पडले तर अलार्म वाजू द्या.

आणि ऑटो स्केलिंगचा हेल्थ चेक प्रकार ईएलबीऐवजी ईसी२च (मशीन चालू आहे का एवढंच बघणारा) ठेवला तर हे सगळं टळेल का, असं तुम्ही विचाराल. मशीन मारली जाणार नाहीत, हे खरं. पण मग ॲप अडकलेलं मशीनही कुणी बदलणार नाही, ते रात्रभर तसंच उभं राहील. मी ईएलबीच ठेवतो, उथळ पाथसकट, आणि रिप्लेस-अनहेल्दी सस्पेंड करायची कमांड टीमच्या रनबुकच्या (अडचणीत काय करायचं त्याची वही) पहिल्या पानावर लिहून ठेवतो. ती चालवायला कुणाची परवानगी लागणार नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं.