दुसरा गिअर निसटतो म्हणून लगेच गिअरबॉक्स बदलू नका

मालक, तुमच्या घरच्या जुन्या महिंद्रा जीप पिकअपचा दुसरा गिअर तुळजापूरचा घाट उतरताना आपोआप निसटतो. मेस्त्री म्हणतोय, तीन गिअरचा काढून चार गिअरचा टाका, गाडी हायवेलाही पळेल. गिअर निसटणं हा खरा बिघाड आहे, पण पळण्याचं काही खरं नाही. पैसे देण्याआधी हिशोब बघा.

तुमचा बॉक्स टी-९० मॉडेलचा. पहिला २.८० (म्हणजे इंजिनाच्या २.८० फेऱ्यांना बॉक्समागचा शाफ्ट एक फेरा मारतो), दुसरा १.५५, तिसरा डायरेक्ट, म्हणजे एकास एक. चार गिअरच्या बॉक्सचा चौथाही डायरेक्टच असतो, मग टॉपला फरक पडणार कुठून? डिफरन्शियल ५.३८ चं (शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक) आणि टायर ६.००-१६ चे धरले, तर चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. म्हणजे साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला २,४५० च्या आसपास फिरतं आणि ऐंशीला ३,२५० च्या. चौथ्या गिअरने हे आकडे हलत नाहीत. गिअरांमधली दरी तेवढी कमी होते. ज्वारीची पोती भरून चढाला लागलात तर तो फायदा मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण पुणे रोडवर इंजिनाचा आरडाओरडा थांबवायचा असेल, तर पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा गिअर असलेला बॉक्सच हवा. पाचवा ०.८ चा धरला तर साठला इंजिन १,९५० वर येतं.

आता निसटण्याचं. गिअर न्यूट्रलला ठेवून वरचं झाकण सरळ उचला. रेलच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या सळईच्या, खाचेत बसणारी पोलादी गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग काढून बघा. स्प्रिंग दमलेली असते, नाहीतर खाचेची कड घासून गोल झालेली असते. हे काम स्वस्तातलं आहे. ते ठीक निघालं तर बेल हाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्सच्या मधल्या कवचाचे) बोल्ट आणि खालच्या माउंटिंगचं रबर तपासा. बॉक्स हलत असेल तरी गिअर निसटतो. त्यानंतर मेन शाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले आणि दुसऱ्या गिअरचे दाते. दात्यांची टोकं तिरकी झिजली असतील तर मात्र बॉक्स खोलावाच लागेल.

हे सगळं बघूनही बदलायचंच ठरलं, तर नवा बॉक्स विकत घेण्याआधी जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून मापं घ्या. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) मोजा, पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातल्या बुशमध्ये) जाणाऱ्या नाकाची जाडी आणि लांबी बघा, बॉक्सची एकूण लांबी बघा. लांब बॉक्स घेतलात की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, मागे सरकतो. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो आणि क्रॉस मेंबर हलवावा लागतो. शाफ्ट कापायच्या आधी दोन्ही टोकांवर एका रेषेत छिन्नीने खूण करा. वेल्डिंगनंतर दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांचे दुबेळके) त्याच रेषेत यायला हवेत, नाहीतर गाडी थरथरेल. बॅलन्सिंगही करून घ्या.

आणि बॉक्स इंजिनला जोडताना घाई नको. माझ्या गाडीला बॉक्स दोन बोटं बाहेर राहिला होता. दुपारी ऊन मी म्हणत होतं, हात भाजत होते. मी बोल्ट आवळून बॉक्स आत ओढला. त्याआधी बराच वेळ त्याचं सगळं वजन क्लच प्लेटच्या हबवर लटकत होतं. हब वाकला, क्लच सुटेना आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं. तेव्हापासून मी लेथवर बाभळीचा दांडा करून ठेवलाय, एका टोकाला पायलट बुशच्या मापाचा आणि पुढे प्लेटच्या मापाचा. आधी त्याने प्लेट मध्यावर धरतो, मग प्रेशर प्लेट आवळतो. बॉक्स जॅकवर तोलून धरा, टॉप गिअरला टाका आणि मागचं टोक हळूहळू फिरवा. स्प्लाइन जुळल्या की तो हाताने सरकतो. हाताने सरकला नाही तर बोल्टला हात लावू नका.

ऑइल जीएल-४, ८०डब्ल्यू-९० घाला. जीएल-५ मधल्या रसायनांमुळे पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात. ट्रान्सफर केसची पातळी वेगळी तपासा.

तुमचा पहिला गिअर सिंक्रोचा नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकत असाल तर ते आजपासून बंद करा. झाकण उघडलंत की रेलच्या खाचेचा जवळून फोटो टाका, मग पुढचं बोलू.