एवढा धिप्पाड माणूस पळतो कसा?

प्रश्न: सर, मुलगा अमेरिकेत शिकायला गेलाय, त्याच्यामुळे मीपण तिकडचं कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल बघायला लागलोय. बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक छोटा, चपळच हवा ना? मग ११० किलोचे गडी कशाला घेतात?

उत्तर: छोटाच हवा असं काही नाही हो. अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीमचा डेरिक हेन्री बघा, उंची सहा फूट तीन इंच, वजन साधारण ११० किलो, आणि २०१५ च्या सीझनला पठ्ठ्यानं बॉल घेऊन पळत २,२१९ यार्ड काढले, हर्शेल वॉकरचा १९८१ पासूनचा एसईसीचा (दक्षिणेकडच्या कॉलेजांची लीग) एका सीझनचा रेकॉर्ड मोडला, वर हाइझमन ट्रॉफीपण (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) नेली. ऑबर्नच्या टीमविरुद्ध तर ४६ वेळा बॉल त्याच्याच हातात, २७१ यार्ड! मला तर असला पळणारा बघायला लांब पासपेक्षा जास्त आवडतो. कसंय, असा गडी अंगावर आला की एकट्याला आवरत नाही, दोघंतिघं लागतात आणि दरवेळी धडका खाऊन डिफेन्सवाले चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत पार दमतात, मग हाच मोठे रन काढतो. फक्त उंच माणसाला खांदे खाली घेऊन पळावं लागतं, नाहीतर समोरचा थेट पायातच घुसतो. विस्कॉन्सिनचा रॉन डेन बुटका होता पण याच्याहूनही जड, १९९९ चा हाइझमन त्याचाच.